लिनक्सवर कोरल का येत नाही, आणि तोवर दुकान कसं चालवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गडहिंग्लजला तुमचं डीटीपी-डिझाइनचं दुकान आहे, चार मशिनं आहेत, चारही विंडोज १० वर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे अपडेट थांबले, विंडोज ११ त्या जुन्या मशिनवर बसत नाही आणि चार नवी मशिनं घेण्याइतके पैसे आत्ता हातात नाहीत. मुलानं एका मशिनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून दिलं, ते चांगलं पळतंय. पण रोजचं काम कोरलड्रॉ (मांडणी आणि चित्रं) आणि फोटोशॉपवर (फोटो). म्हणून तुम्ही विचारलंत की एवढे लोक मागत असताना या कंपन्या लिनक्ससाठी सॉफ्टवेअर का काढत नाहीत, त्यांनी कधी प्रयत्नच कसा केला नाही, आणि आपण डिझाइनवाल्यांनी सह्यांची मोहीम काढली तर काही होईल का. शेवटी एक छोटा प्रश्न होता, नव्या ऑपरेटरला काय शिकवायचं.

मी कोल्हापुरात प्रीप्रेसचं काम करते. ऑफसेट प्रेसना प्लेटला जाणारी फाइल तयार करून देणं, गुळाची खोकी, मसाल्याची लेबलं, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, लग्नसराईत पत्रिका, असं सगळं. माझ्याकडची बहुतेक मशिनं लिनक्सवर चालतात. सगळी मात्र नाहीत.

आधी मागणीचं बघू. लिनक्स वापरणारे कमी आहेत हे कारण आता अर्धंच खरं आहे. वेबसाइट उघडणारी मशिनं मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभरच्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला, आणि त्या वर्षी भारताचा आकडा त्याहून कितीतरी जास्त दिसत होता. पण हा आकडा ब्राउझर उघडणाऱ्यांचा आहे. सॉफ्टवेअर कंपनी वेगळाच हिशेब मांडते. लिनक्सवर आलो तर आत्ता येत नाहीत असे किती पैसे नव्यानं येतील, एवढंच ती बघते.

या हिशेबात आपण कुठं बसतो ते नीट समजून घ्या. जो माणूस आज विंडोजवर कोरलचे पैसे भरतो आणि उद्या लिनक्सवर भरेल, तो कंपनीच्या दृष्टीनं नवा नाही. तेच पैसे फक्त जागा बदलतात, वर दुसरी आवृत्ती सांभाळायचा खर्च पडतो. जो आधीच लिनक्सवर इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस ही मोफत डिझाइन सॉफ्टवेअरं वापरून पोट भरतोय, त्यातले किती जण पैसे देऊन परत कोरलकडं येतील याची खात्री कुणालाच नाही. आणि तिसरे आपल्या धंद्यातले असंख्य लोक, ज्यांच्या मशिनवर क्रॅक केलेलं कोरल आहे. ते विंडोजच्या हिशेबातही नाहीत आणि लिनक्सच्याही नाहीत. कंपनीच्या वहीत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावचं डीटीपी सेंटर म्हणजे कोरी ओळ आहे. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर, प्रत्येक पत्रिकेवर कोरलचा हात असतो आणि तरी कागदावर आपली मागणी शून्य असते.

तुमच्याकडं लायसन आहे की नाही हे मी विचारत नाही. पण एक गोष्ट माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब मध्ये, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्टाला कैद माफ करता येते, आपला वापर मात्र धंद्यासाठीच असतो. मला यात शिक्षेपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. क्रॅक वापरणारा माणूस स्वतःचा आवाज स्वतःच पुसतो. त्याला कंपनीकडं काही मागायची सोय उरत नाही.

आता कंपन्यांनी कधी प्रयत्नच केला नाही असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर नाही. कोरलनं केला होता, आणि चांगला मोठा. १९९९ साली त्यांनी डेबियन या मोफत लिनक्सवर आधारलेली स्वतःची लिनक्स बाजारात आणली. २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी निघालं. ते मुळापासून नव्यानं लिहिलेलं नव्हतं, विंडोजचाच प्रोग्रॅम वाइन या थराच्या आधारानं लिनक्सवर चालवलेला होता, आणि त्या निमित्तानं कोरलच्या लोकांनी वाइनमध्ये बरंच काम केलं. पण कंपनी तेव्हा पैशाच्या अडचणीत होती. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि पुढच्या वर्षी लिनक्सचा विभाग झँड्रॉस नावाच्या कंपनीकडं गेला. लिनक्ससाठी कोरलड्रॉ १० निघालंच नाही. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनंही त्याच सुमाराला फ्रेममेकर या पुस्तक-मांडणीच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती चाचणीसाठी दिली आणि बाजारात न आणताच सोडून दिली. त्यांचा पीडीएफ रीडरसुद्धा लिनक्सवर ९.५.५ ला, म्हणजे २०१३ ला येऊन थांबला.

म्हणजे दार एकदा उघडलं होतं आणि बंद झालं. मग पैसे देऊन घ्यायचं डिझाइन सॉफ्टवेअर लिनक्सवर कुठंच नाही का? आहे, भरपूर आहे. सिनेमाच्या व्हीएफएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांचं, माया, हुडिनी, न्यूक हे सगळं लिनक्सवर चालतं. रंगदुरुस्तीचं दाविंची रिझॉल्व्ह चालतं. चिप डिझाइनची केडन्स, सिनॉप्सिसची महागडी सॉफ्टवेअरं तर मुख्यतः लिनक्सवरच वापरली जातात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या डिझाइनचं काम करणारे असतील तर त्यांना माहीत असेल, अ‍ॅन्सिससारख्या सिम्युलेशनचं गणित लिनक्स सर्व्हरवर सर्रास चालवतात. टूडी-थ्रीडी ड्रॉइंगसाठी ब्रिक्सकॅड आहे, त्याची लिनक्स आवृत्ती रीतसर विकत मिळते आणि ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल ते थेट उघडतं. स्कॅनिंगसाठी व्ह्यूस्कॅन आहे.

तिथं का आलं आणि आपल्याकडं का नाही? मला दिसणारं कारण असं. सिनेमाचे मोठे स्टुडिओ सिलिकॉन ग्राफिक्सच्या महाग वर्कस्टेशनवर काम करायचे. २००० च्या आसपास त्यांनी ठरवलं की आता स्वस्त पीसी आणि लिनक्स. गिऱ्हाईक मोजके, प्रत्येकाच्या शेकडो मशिनी, आणि सगळ्यांचं मागणं एक. सॉफ्टवेअर कंपनीला कुणाशी बोलायचं, किती लायसनं जाणार, कुठल्या लिनक्सवर चालवून द्यायचं हे आधीच स्पष्ट होतं. आजही माया किंवा रिझॉल्व्हवाले ठरावीक लिनक्सचीच खात्री देतात, रेड हॅटच्या घराण्यातल्या रॉकीसारख्या. बाकीच्यांनी आपल्या जबाबदारीवर चालवावं.

आपली मागणी याच्या उलट आहे. हजारो दुकानं, प्रत्येकाची दोन-चार मशिनं, कुणी उबंटू, कुणी मिंट, कुणी फेडोरा अशी वेगवेगळी लिनक्स, आणि लायसनचे पैसे देण्याची तयारी किती हे कुणालाच माहीत नाही. हे पैशापुरतंच नाही. अ‍ॅफिनिटी या डिझाइन सॉफ्टवेअरचं उदाहरण बघा. कॅनव्हानं २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॉफ्टवेअर फुकट केलं. तरीही ते विंडोज आणि मॅकसाठीच आलं. प्रिंटरचे ड्रायव्हर, स्क्रीनचा रंग, फॉन्ट, वेगवेगळे डेस्कटॉप, आणि प्रत्येक तक्रारीला फोनवर उत्तर देणारा माणूस, हा खर्च किंमत शून्य केली म्हणून जात नाही. उलट कोरल मॅकवरून बरीच वर्षं गायब होतं आणि २०१९ मध्ये परत आलं, मॅकवाले पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतात हे त्यांना दिसलं असावं. दार कायमचं बंद नसतं, एवढं त्यातून मी घेते.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर, आपली गरज खरी आहे, पण ती मागणी म्हणून कुठं नोंदलेली नाही.

आता सह्यांचं. सही करायला काही पडत नाही, म्हणून तिचं वजनही पडत नाही. वजन कशाचं पडतं याचं आपल्या धंद्याला जवळचं उदाहरण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं आहे. २००२ साली ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली. गुंतवणूकदारांनी सांगितलं, एक लाख युरो द्या, मग प्रोग्रॅमचा सोर्स कोड खुला करू. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत तेवढे पैसे गोळा केले. आज ब्लेंडर कुठं पोचलंय ते तुम्ही बघताच. २०१९ मध्ये एपिक गेम्सनं त्याला बारा लाख डॉलर दिले. तेव्हा पत्र पाठवायचंच असेल तर सह्यांची यादी नको. आमच्या इतक्या प्रेस, इतकी मशिनं, आत्ता तुमच्या कुठल्या आवृत्तीची इतकी लायसनं आमच्या नावावर आहेत, उबंटूच्या अमुक आवृत्तीवर दिलंत तर वर्षाला मशिनमागं एवढे रुपये देऊ, असं लिहा. डीलरकडं लिनक्स आवृत्तीचं कोटेशन लेखी मागा. तो नाही म्हणेल, तरी मागा. डीलरकडून वर जाणाऱ्या कागदात ती ओळ पहिल्यांदा येईल. आणि एकट्यानं नको. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज इथल्या प्रेसवाल्यांनी मिळून एकच आकडा द्यावा. स्टुडिओंचं मागणंही एकच होतं.

पण खरं सांगू का, उद्या कोरल लिनक्सवर आलं तरी तुमचा प्रश्न पूर्ण सुटणार नाही. आणि आलं नाही तरी बराचसा सुटू शकतो. कारण आपल्याला बांधून ठेवलंय ते सीडीआर, म्हणजे कोरलच्या मूळ फाइलच्या देवाणघेवाणीनं. पार्टी पेनड्राइव्हवर सीडीआर आणते. फ्लेक्सवाला सीडीआर मागतो. प्लेटवाला म्हणतो, कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) सीडीआर पाठवा, खालच्या व्हर्जनला सेव्ह करा. प्रत्येक जण पुढच्याकडं आपली अर्धीकच्ची फाइल देतो आणि पुढचा त्यात हात घालतो. ही सवय मोडली आणि प्रत्येकानं पुढच्याला छापायला तयार पीडीएफ दिली, की कुणाच्या टेबलावर कुठलं सॉफ्टवेअर आहे याला महत्त्व राहत नाही. शहरातल्या सीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढणाऱ्यांना, पीडीएफ चालते, उलट त्यांना तीच हवी असते. सवय आपली आहे.

इंकस्केपमध्ये सीडीआर उघडते, हे तुम्ही वाचलं असेल. उघडते, पण तिच्यावर विसंबू नका. साधे आकार आणि कर्व्ह केलेली अक्षरं ठीक येतात. पॉवरक्लिप, सावल्या, मेश फिल असलं काही असेल तर बिघडतं. आणि जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर तर अगदीच जातो. कारण त्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट नसलेल्या मशिनवर पत्रिकेतला ‘चि. सौ. कां.’ म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणून जुन्या फाइली लिनक्सवर न्यायच्या असतील तर आधी कोरलमध्येच कर्व्ह करून पीडीएफ काढून ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठीच राहणाऱ्या कोडमध्ये, बदलून वेगळा साठवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

नव्या कामाला पहिल्या दिवसापासून युनिकोड. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्त आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, नोटो देवनागरी, हे सगळे मोफत आणि कायदेशीर आहेत. कुठलाही नवा फॉन्ट घेतला की मी त्यात एक ओळ टाइप करून बघते: कुऱ्हाड, वाऱ्यावर, त्र्यंबक, शृंगार, हृदय, द्व्यर्थी. ऱ्या-ऱ्हाचा अर्धा र नीट बसला नाही, शृमधला ऋकार सुटला, तर तो फॉन्ट लेबलला घेत नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हिंदी, तेही बघा. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा ल पत्रिकेत आला की त्याला काहीतरी खटकतं.

फोटोशॉपची अडचण त्यामानानं कमी आहे. फोटो साफ करणं, बॅकग्राउंड काढणं हे मोफत जिंपमध्ये होतं, आणि २०२५ ला आलेल्या ३.० नंतर मूळ फोटो न बिघडवता इफेक्ट देता येतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, रंगवायचंच असेल तर क्रिटा. गिऱ्हाइकाची पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, नुसती उघडून बघायची असेल तर ब्राउझरमधलं फोटोपी पुरतं.

खरी मेख छपाईच्या रंगात आहे, आणि इथं बहुतेक जण अडकून ‘लिनक्सवर छपाईचं काम होत नाही’ म्हणून परत जातात. मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू घ्या. घटक पदार्थ, उत्पादकाचा पत्ता, परवाना नंबर, बारकोड, सगळं सहा पॉइंटात, काळ्यात. तुम्ही इंकस्केपमध्ये ते सुंदर मांडलंत आणि तिथूनच पीडीएफ काढलीत. इंकस्केपच्या आजवरच्या स्थिर आवृत्त्या पीडीएफ आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात, काढतात. ती प्लेटला गेली की आरआयपी, म्हणजे फाइलचे छपाईसाठी ठिपके करणारं सॉफ्टवेअर, त्या काळ्याचे चार रंग करतं, सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, आणि तो सहा पॉइंटचा मजकूर चारही प्लेटांवर येतो. मशिनवर कागद केसभर सरकला तरी अक्षराच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी रेघ दिसते. अनुस्वार भरून जातात, ‘ष’ आणि ‘प’ ओळखू येत नाहीत. बारकोडच्या रेघा जाडावतात आणि दुकानातला स्कॅनर तो घेत नाही. सगळा लॉट परत.

उपाय साधा आहे. इंकस्केपमध्ये फक्त चित्र करा, बोधचिन्ह, नक्षी, पाकिटाचा आकार. ते एसव्हीजी (इंकस्केपची चित्राची फाइल) म्हणून पानं मांडायच्या स्क्रायबसमध्ये घ्या. मजकूर स्क्रायबसमध्येच लावा. १.६ ही जानेवारी २०२४ ची आवृत्ती किंवा त्यानंतरची घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. मग रंगांच्या यादीत जाऊन चित्राबरोबर आलेला एकेक आरजीबी रंग सीएमवायकेत बदला. मजकुराला आणि बारकोडला फक्त काळा, शंभर टक्के, बाकी तीन शून्य. रंगीत पार्श्वभूमीवर मजकूर असेल तर त्या काळ्याला ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे तो खालच्या रंगावरच छापला जाईल. बारकोड काढायची सोय स्क्रायबसमध्येच आहे. शेवटी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये काळा सोडून बाकीच्या एकेक प्लेटा सुट्या बघा. त्यांच्यावर बारीक मजकुराचं नावनिशाण दिसायला नको. दिसलं, तर कुठलातरी रंग बदलायचा राहिलाय. मग पीडीएफ/एक्स-१ए, म्हणजे छपाईसाठी ठरवून दिलेली पीडीएफ, काढून प्लेटला द्या. हातात बसलं की कोरलपेक्षा वेळ जास्त जात नाही, आणि प्लेटवाल्याचा फोन येत नाही.

आता तुमच्या बाबतीत काय, हे तुमच्याकडं कुठलं काम जास्त आहे त्यावर ठरेल. पावती पुस्तकं, बिलबुकं, पत्रिका, हँडबिलं असतील तर तीन मशिनं लिनक्सवर न्यायला मी कचरणार नाही. फ्लेक्स जास्त असेल तर डिझाइन लिनक्सवर करा, पण मोठ्या प्रिंटरचं आरआयपी सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचंच असतं, ते जसं आहे तसं राहू द्या. स्टिकर कटिंग असेल तर कटर इंकस्केपकडून चालतो का, हे तुमच्या कटरचं मॉडेल बघूनच कळेल. कुणी नातेवाईक हुपरीत चांदीचं किंवा गुजरीत दागिन्यांचं थ्रीडी डिझाइन करत असतील तर त्यांना यातलं काहीच सुचवू नका, त्यांची दागिन्यांची खास सॉफ्टवेअरं विंडोजवरच आहेत आणि त्यांच्या कामाला ती लागतात. उद्यमनगरात पॅटर्नचं काम असेल तर मोठ्या कंपनीकडून येणारी फाइल स्टेपमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरना चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये, येते की त्यांच्या मूळ फॉरमॅटमध्ये, यावर सगळं आहे. स्टेप असेल तर मोफत फ्रीकॅड बघता येईल.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. एक मशीन नवं, विंडोज ११ चं, लायसनसकट, आणि त्यावर रीतसर विकत घेतलेलं कोरल. पार्टीकडून आलेली सीडीआर तिथं उघडायची, कर्व्ह करून पीडीएफ काढायची आणि आत द्यायची. दारातला नाका समजा. खर्च एका लायसनचा. एकरकमी मिळतं का वर्षाचं, ते डीलरकडून लेखी घ्या. बाकीची तीन लिनक्सवर. हे सगळं एका महिन्यात नको, लग्नसराई संपल्यावर सुरू करा. तोवर मायक्रोसॉफ्टची विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा योजना आहे, ती साध्या ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. ती घ्या, म्हणजे घाई होणार नाही.

वाइनवर जुनं फोटोशॉप, जुनं कोरल चालवायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. घरी शिकायला ठीक आहे. पैसे घेतलेलं काम त्यावर टाकू नका. एखाद्या अपडेटनंतर फॉन्टची यादीच येत नाही किंवा अ‍ॅक्टिव्हेशन अडतं, आणि पार्टी संध्याकाळी सहाला दारात उभी असते. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आतच पूर्ण विंडोज चालवणं, त्याहून बरं, पण त्याला विंडोजचं लायसन लागतंच आणि तुमच्या आठ जीबी रॅममध्ये दोन्ही सिस्टिमना श्वास घेता येणार नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगते. मशिनांपेक्षा माणसांना जास्त वेळ लागतो. दहा वर्षं कोरल वापरलेल्या ऑपरेटरचे हात शॉर्टकटवर चालतात. त्याला इंकस्केपपुढं बसवलं की पहिले काही दिवस त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याला स्वतःचाच राग येतो. त्याचं ऐकून घ्या, त्या दिवसांत घाईचं काम त्याला देऊ नका. इंकस्केपच्या सेटिंगमध्ये कोरलच्या शॉर्टकटचा तयार संच आहे, तो लावून द्या. स्क्रायबस त्याला परकं वाटेल, कारण कोरलवाल्याला पानाची चौकट आणि मजकुराची चौकट वेगळी धरायची सवय नसते. तिथं कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

आणि सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून थांबू नका. कोरलच्या तीन लायसनांचे जे पैसे वाचले, त्यातले थोडे इंकस्केपला, स्क्रायबसला, क्रिटाला दरवर्षी पाठवा. छपाईचा सीएमवायके इंकस्केपमध्ये यावा म्हणून तिथले लोक काम करतायत आणि ते आपल्याच गरजेचं काम आहे. भारतातून, मराठी छपाईवाल्यांकडून पैसे आले, बगचे रिपोर्ट आले, देवनागरी कुठं तुटते याचे नमुने आले, तर ती आपली नोंद आहे. कोरलच्या वहीत आपण कोरी ओळ असलो तरी इथं तसं असायचं कारण नाही.

नव्या ऑपरेटरला काय शिकवायचं? दोन्ही. बाहेर नोकरी बघायला गेला तर आज त्याला कोरल विचारलं जाणार, ते आलं पाहिजे. पण सुरुवात इंकस्केप आणि स्क्रायबसवर करा. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात, इंकस्केप-जिंप त्यांना शाळेतच भेटतं, त्यामुळं तिथल्या दुकानदाराला हा प्रश्न इतका जड जात नसावा. आपल्याकडं ते दुकानातच शिकवावं लागेल. आधी रंग आणि प्लेट म्हणजे काय ते समजू द्या, बटणं नंतर. त्या ऑपरेटरला एकदा प्रेसमध्ये नेऊन चार प्लेटा आणि चार रंगांतून चित्र कसं उभं राहतं ते दाखवा.

पहिलं काम म्हणून पावती पुस्तक घ्या, एका रंगाचं, नेहमीच्या गिऱ्हाइकाचं. स्क्रायबसमध्ये मांडा, पीडीएफ काढा, आणि प्लेटला देण्याआधी सीटीपीवाल्याला फोन करून विचारा की पीडीएफ/एक्स-१ए चालते का आणि ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेरची जादा छपाई, किती ठेवू. तो तीन मिलिमीटर म्हणेल. नाही म्हणाला, तर काय म्हणाला ते मला इथं कळवा, त्यावर पुढचं सांगते.